पोलिसांची मुकी फटफटी

मोटारसायकलीस आपल्या लोकांनीं ‘फटफटी’ हें नांव दिलें, तें कोणा पंडितास विचारून दिलेलें नाहीं. वस्तूचा जो धर्म प्रथम कानांत किंवा डोळ्यांत भरतो त्यावरून तिचें नामकरण करावें, ही भाषेची फार जुनी रीत आहे. ‘काक’ हा शब्द त्या पक्ष्याच्या ओरडण्याच्या अनुकरणानें झाला, असें यास्काचार्यांनीं निरुक्तांत सांगून ठेविलें आहे. त्याच न्यायानें जी फटफट करिते ती फटफटी. तेव्हां फटफट न करणारी फटफटी म्हणजे शुद्ध वदतोव्याघात, असें आम्ही परवां-परवांपर्यंत समजत होतों. ती समजूत कशी दूर झाली, आणि ज्या यंत्रानें ती दूर केली त्याचा इतिहास काय, हें आज वाचकांस सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम थोडें घरचें सांगणें प्राप्त आहे. आमचे धाकटे मामा पोलिसखात्यांत फौजदार होते. १९७० च्या सुमारास त्यांची नेमणूक सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं होती, आणि उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही भावंडें त्यांच्याकडे जात असूं. मामांस सरकारी बुलेट मिळाली होती. मद्रासेंत तयार झालेली, काळी, धिप्पाड, आणि आवाजानें तर साक्षात् नगारा. गांवांत गुळाच्या एका वखारीमागें जुगार चाले हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु मामांस तो कधींहि सांपडत नसे. त्यांची बुलेट ओढ्यापलीकडील वळणावर आली कीं तिचा आवाज वखारींत पोंचे, आणि मामा पोंचत तों तेथें पांचसहा गृहस्थ गुळाच्या भावाची चर्चा करीत बसलेले असत. एकानें तर पुढ्यांत पोथी उघडून ठेविली होती. अखेर मामांनीं एक उपाय काढिला. ओढ्यापाशींच इंजिन बंद करावयाचें, आणि एका शिपायाच्या मदतीनें तें दीडशे किलोंहून जड असलेलें धूड चढावरून ढकलीत न्यावयाचें. या उपायाचें फळ मामींच्या शब्दांत सांगावयाचें तर, “फटफटी गप्प झाली, पण तुमच्या मामांची धाप तिच्याहून मोठी!” वखार रिकामी ती रिकामीच. त्यापेक्षां पायींच कां जाऊं नये, असें आम्हीं एकदां भीत भीत विचारलें. मामा म्हणाले, “अरे, एखादा सायकलवरून पळाला, तर मागें काय धांवत जाऊं?”

मामांची ही अडचण त्यांची एकट्याची नव्हती. पायीं जावें तर उशीर होतो, आणि यंत्रावर बसून जावें तर यंत्रच आधीं वर्दी देतें, या पेंचांत जगांतील सर्व पोलिसखातीं कधींना कधीं सांपडलेलीं आहेत. त्या पेंचांतून इंग्लंडांतील पोलिसांस सोडविणारें वाहन त्या सुटीच्या दिवसांतहि तेथें रस्त्यावर फिरत होतें. परंतु मामांस त्याची वार्ता असण्याचें कारण नव्हतें, आणि आम्हांस तर ती त्यानंतर पन्नास वर्षांनीं कळली.

आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्तानें बर्मिंगहॅम शहरीं राहतात. सेवानिवृत्तीनंतर एका उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तिकडे जाऊन आलों. तिकडील लोकांस जुन्या वाहनांचें मोठें वेड. रविवारीं एखाद्या गांवच्या हिरवळीवर मंडळी आपापलीं जुनीं वाहनें घांसूनपुसून घेऊन येतात, शेजारीं खुर्ची टाकून बसतात, आणि जो विचारील त्यास त्या वाहनाची वंशावळ सांगतात. आपल्याकडील कुलोपाध्यायांसहि इतकी वंशावळ पाठ नसेल. अशाच एका मेळाव्यांत सूनबाई आम्हांस घेऊन गेल्या होत्या. तेथें एका वृद्ध गृहस्थाजवळ एक काळी, ठेंगणी, कांहींशी स्कुटरसारखी व कांहींशी मोटारसायकलसारखी गाडी उभी होती. पायांपुढें पत्र्याच्या ढाली, पाय ठेवावयास फळ्या, आणि ढालीवर ‘पोलिस’ अशीं पांढरीं अक्षरें. आम्ही चष्मा पुसून त्या गृहस्थास कांहीं विचारणार, इतक्यांत सूनबाई म्हणाल्या, “बाबा, हात लावून बघा, सुरू आहे ती!” आम्हांस थट्टा वाटली. हात लाविला, तों पत्रा किंचित् थरथरत होता. कान जवळ नेला तेव्हां शिवणाच्या यंत्राहूनहि मंद अशी एक कुजबूज ऐकूं आली. आमच्या डोळ्यांपुढें एकदम ओढ्याचा चढ, मामा आणि तो शिपाई उभे राहिले.

त्या गाडीचें नांव व्हेलोसेट एल. ई. ती जेथें जन्मली तो कारखाना बर्मिंगहॅममध्येंच, हॉल ग्रीन भागांत होता. घरीं परतल्यावर चिरंजीवांनीं आम्हांस कांहीं पुस्तकें आणून दिलीं, आणि पुढील पंधरा दिवस आम्ही दुसरें कांहीं वाचिलें नाहीं.

हा कारखाना म्हणजे एका कुटुंबाचा प्रपंच होता. त्याचे मूळपुरुष योहानेस गुटगेमान हे जर्मनींतून इंग्लंडांत आले. व्यवसायांत त्यांनीं प्रथम जॉन टेलर हें नांव धारण केलें, आणि पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत, जेव्हां इंग्लंडांत जर्मन नांव घेऊन वावरणें सुखाचें राहिलें नव्हतें, तेव्हां ते जॉन गुडमन झाले. १९०५ च्या सुमारास त्यांनीं मोटारसायकल तयार करण्यास हात घातला. कंपनीचें नांव त्यांनीं ‘व्हेलोचे’ ठेविलें. इटालियन भाषेंत त्याचा अर्थ ‘वेगवान’. ध्वनिसाम्यामुळें आपला ‘वेग’ येथें सहजच आठवतो, परंतु ती व्युत्पत्ति आम्ही पैजेवर सांगणार नाहीं. १९१३ सालीं त्यांनीं एक लहान गाडी काढिली व तिला ‘व्हेलोसेट’ म्हटलें. पुत्राचा लाडानें पुत्रक व्हावा तशी व्हेलोचेची ही व्हेलोसेट. आणि मौज अशी कीं पुढें लोकांनीं त्या कारखान्याच्या सगळ्याच गाड्यांस, थोरांसुद्धां, तेंच लाडकें नांव लाविलें. जॉन गुडमन यांचे पुत्र पर्सी व यूजीन हे दोघेहि कारखान्यांत आले, कन्या एथेल हीहि आली, आणि नंतर तिसरी पिढीहि तेथेंच कामास लागली.

नांवाप्रमाणें या घराण्याची कीर्ति वेगाकरितांच झाली. आयल ऑफ मॅन नांवाच्या बेटावर मोटारसायकलींची जी प्रसिद्ध शर्यत होते तींत १९२६ सालीं अॅलेक बेनेट यानें व्हेलोसेटवर बसून ज्यूनियर गटाची शर्यत जिंकिली, ती दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारास दहा मिनिटांहून अधिक मागें टाकून. १९२८ सालीं याच कारखान्यांतील हॅरल्ड विलिस यांनीं पायानें गिअर बदलण्याची एक युक्ति काढिली, जींत पायाखालील दांडा प्रत्येक दाबाबरोबर एकच गिअर बदलून पुन्हां आपल्या जागीं येतो. आज आपल्या घरांतील जे तरुण चिरंजीव मोटारसायकल उडवीत कॉलेजास जातात ते सर्व न कळत त्याच युक्तीचे ऋणी आहेत. १९४९ व १९५० या लागोपाठच्या वर्षीं साडेतीनशे घनसेंटिमीटरच्या गटांतील जगज्जेतेपदहि व्हेलोसेटवरच्या स्वारांनीं, फ्रेडी फ्रिथ व बॉब फॉस्टर यांनीं, मिळविलें.

असें घराणें मुकी गाडी करावयास कां प्रवृत्त झालें, हाच या इतिहासांतील खरा प्रश्न. त्याचें उत्तर यूजीन गुडमन यांच्या एका ध्यासांत आहे. शर्यती जिंकणाऱ्या गाड्या घेणारे लोक किती? मूठभर. मोटार घेण्याची ऐपत नसलेला कारकून, शिक्षक, दुकानांतील नोकर यांचें काय? मोटारसायकल त्यांच्या आटोक्यांतली होती, पण ती तेल गाळी, साखळीचें वंगण विजारीस फांसे, पावसांत भिजवी, आणि पहांटे सुरू केली तर गल्लींतील तान्हीं मुलें उठवी. सभ्य मनुष्यानें नित्याचे कपडे घालून कामावर जाण्याकरितां वापरावी अशी ती वस्तूच नव्हती. ती तशी करावी, हा तो ध्यास. दुसरें महायुद्ध संपल्यावर त्याला मूर्त रूप देण्याचें काम चार्ल्स उडॉल या रचनाकारानें केलें, आणि १९४८ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत ही गाडी लोकांपुढें आली. ‘एल. ई.’ हीं अक्षरें ‘लिटल एंजिन’ यांचीं आद्याक्षरें, म्हणजे ‘लहानगें इंजिन’.

इंजिन खरोखरच लहानगें होतें; अवघें १४९ घनसेंटिमीटरचें, पुढें १९५१ च्या सुमारास तें १९२ चें झालें. पण त्याची मांडणी निराळी होती. बहुतेक मोटारसायकलींत एकच मोठा दट्ट्या खालींवर धांवत असतो, आणि त्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर सारी गाडी हादरते. येथें दोन लहान दट्टे डावीउजवीकडे आडवे, एकमेकांच्या समोरासमोर बसविले होते. ते एकाच क्षणीं बाहेर जात व एकाच क्षणीं आंत येत. वाचकांनीं उभें राहून दोन्ही हात एकदम पसरून पाहावे व एकदम छातीशीं आणावे. शरीर डुलत नाहीं. एकच हात झटक्यानें पुढें नेल्यास मात्र तोल जातो. सारें मर्म तेंच. दुसरें असें कीं, या इंजिनाभोंवतीं मोटारीप्रमाणें पाणी खेळविलें होतें. इतर मोटारसायकलींचीं इंजिनें वाऱ्यानें थंड होतात. त्यांवर पातळ पंखांसारख्या पट्ट्या असतात, आणि त्या आंतील खडखडाट बाहेर फेंकतात. पाण्याचें वेष्टन उलट तो गिळून टाकतें. तिसरी गोष्ट, मागच्या चाकास शक्ति पोंचवावयास साखळी नव्हती, तर बंद नळींतून फिरणारा दांडा होता. म्हणजे साखळीची करकर नाहीं आणि वंगणाचे शिंतोडेहि नाहींत. उरलासुरला आवाज धूर सोडणाऱ्या पेटींत मरे.

गाडी सुरू करावयास लाथ मारावयाची नव्हती. हातानें एक दांडा ओढावयाचा. गिअरहि तीन, व तेहि हातानेंच बदलावयाचे. चार गिअर, पायानें बदलण्याची सोय व पायानें सुरू करण्याची खटकी हीं १९५८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत आलीं. ज्या कारखान्यानें पायाच्या गिअराची युक्ति जगास दिली त्यानेंच आपल्या या गाडीस दहा वर्षें ती दिली नाहीं, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. परंतु ज्या कारकुनाकरितां ती केली होती त्याचे बूट खराब होऊं नयेत हाहि त्यांत हेतु असावा. वेग म्हणाल तर ताशीं पन्नास मैलांच्या आसपास, आणि चढावर त्याहूनहि बराच कमी. पेट्रोल मात्र ती अगदीं थोडें पिई. गॅलनला शंभराच्या घरांत मैल जाई. इंग्लंडांत १९५० सालापर्यंत पेट्रोल मापून मिळत होतें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

येथवर सर्व यथायोग्य होतें. परंतु या गाडीचा सांगाडा नळ्या जोडून केलेला नव्हता. तो पोलादी पत्रा प्रचंड यंत्रांत दाबून घडविलेला होता. असें काम करावयाचें तर प्रथम अतिशय महागडे सांचे करावे लागतात, आणि त्यांचा खर्च हजारों गाड्या खपल्याविना निघत नाहीं. मोठ्या कारखान्यानें हें साहस करणें निराळें, आणि चार भावंडांच्या प्रपंचानें करणें निराळें. गुडमन घराण्यानें शर्यतींत व युद्धकाळांत मिळविलेली पुंजी या सांच्यांत ओतिली. आमच्या मतें त्यांत द्रव्यलोभापेक्षां एक प्रकारची सात्त्विक हौस अधिक होती. आपण केलेली वस्तु सर्व प्रकारें निर्दोष व्हावी, तिनें कोणास उपद्रव देऊं नये, ही ती हौस. आणि अशी हौस बाजारांत फार महाग पडते.

कारण ज्या सामान्य माणसाकरितां हा सर्व खटाटोप केला त्यानें ती गाडी पाहिली, वाखाणली, आणि घेतली मात्र बेताचीच. एक तर ती स्वस्त नव्हती. तरुणांस मोटारसायकलीचा आवाज हवाच असतो; त्यांच्या दृष्टीनें मुकी मोटारसायकल म्हणजे बिनमिशीचा शिपाई. आणि ज्यांस खरोखर स्वच्छ व सोयीचें वाहन हवें होतें त्यांच्याकरितां इटलींतून व्हेस्पा व लँब्रेटा आल्या. व्हेस्पा १९४६ सालची व लँब्रेटा १९४७ ची. दोन्ही सुबक, दोन्ही आटोपशीर, आणि विशेष हें कीं स्त्रियांसहि चालवावयास सोयीच्या. या व्हेस्पाचें गोत्र आपणांस परकें नाहीं. तिच्याच परवान्यावर बजाज कंपनीनें आपल्याकडे स्कुटरी केल्या, आणि पुढें पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यांतून निघालेल्या चेतकनें महाराष्ट्रांतील किती संसार वाहिले याची गणतीच नाहीं. आमच्या शाळामास्तरकीचीं शेवटचीं वीस वर्षें चेतकवरच गेलीं. बर्मिंगहॅमच्या त्या हिरवळीवर आम्ही एका अर्थीं प्रतिपक्षाचे माणूस होतों, हें त्या वृद्ध गृहस्थास आम्हीं सांगितलें नाहीं.

पुढें १९५८ सालीं जपानांत होंडा कंपनीनें ‘सुपर कब’ नांवाची छोटी दुचाकी काढिली. दाबलेल्या पत्र्याचा सांगाडा, पायांपुढें ढाली, झांकलेली साखळी, मंद आवाज. म्हणजे विचार पुष्कळ अंशीं तोच. फरक इतकाच कीं होंडांनीं ती स्वस्त व अफाट संख्येनें केली. २०१७ सालापर्यंत तिच्या जातीच्या दहा कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. गुडमन यांचा विचार चुकला होता असें म्हणवत नाहीं.

असो. सामान्य मनुष्य मिळाला नाहीं. पण ज्याची कारखानदारांनीं मुळींच अपेक्षा केली नव्हती असा एक गिऱ्हाईक दारीं आला. तो पोलिस.

इंग्लंडांतील पोलिस शिपाई परंपरेनें पायींच गस्त घाली. त्याचा फेरा ठरलेला, कोणत्या कोपऱ्यावर केव्हां पोंचावयाचें तें ठरलेलें. पुष्कळ शहरांतून रस्त्याकडेला पोलिसांकरितां टेलिफोनचीं खोपटीं असत. त्यांवर दिवा लुकलुकूं लागला कीं शिपायानें ठाण्याशीं बोलावें, अशी योजना होती. महायुद्धानंतर शहरांच्या बाहेर नव्या वसाहती पसरल्या, फेरे लांबले, आणि पायीं चालणारा शिपाई त्यांस पुरा पडेना. सायकल होती, पण ती पावसांत आणि चढावर शिपायास थकवून टाकी. मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलीहि पोलिसांजवळ होत्या; परंतु त्या हमरस्त्यावर भरधांव मोटारींचा पाठलाग करण्यासाठीं. ट्रायंफ कंपनीनें पोलिसांकरितां केलेल्या गाडीचें नांव तर ‘सेंट’ होतें. आपण संत समजून हात जोडावे, पण तीं ‘कोणतीहि वस्तु क्षणार्धांत थांबविणारी’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचीं आद्याक्षरें! असल्या संताचें मध्यरात्रीं निजलेल्या वसाहतींत काय काम?

तेथें एल. ई. चें काम होतें. ब्रिटनमधील पन्नासांहून अधिक पोलिसदलांनीं ती घेतली. फेऱ्यावरील शिपाई तिच्यावर बसून रात्रभर गल्ल्यांगल्ल्यांतून हिंडूं शके. गृहस्थाची झोंप मोडत नसे, आणि कुलूप फोडणाऱ्याचें कामहि थांबत नसे, शिपाई मागें येऊन उभा राहीपर्यंत. पायांपुढील ढालींमुळें चिखलपाण्यापासून बचाव होई. शिवाय ती इतकी हळू व इतकी स्थिर चाले कीं, कोणाच्या फाटकापाशीं थांबून इंजिन न बंद करितां दोन शब्द बोलतां येत. हा शेवटला गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. गुन्ह्याची बातमी पुष्कळदां अशा दोन शब्दांतूनच मिळते; भरधांव जाणाऱ्यास ती कोणी ओरडून सांगत नाहीं. पुढें तिच्यावर बिनतारी यंत्रहि बसविण्यांत आलें, आणि मग खोपट्यावरील दिव्याची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

येथें आमच्या मनांत एक विचार आल्यावांचून राहिला नाहीं. आपल्याकडील पहारेकरी काठी आपटीत, शिटी वाजवीत, ‘जागते रहो’ म्हणत फिरतो. कौटिल्यानेंहि नगराच्या बंदोबस्तांत रात्रीं तूर्य वाजविण्याची योजना सांगितली आहे. तें वाजल्यावर जो रस्त्यावर आढळेल त्यास दंड. म्हणजे राजसत्तेनें आपलें अस्तित्व मोठ्यानें कळवावें, हा आपला जुना संप्रदाय. त्यांत गृहस्थास धीर येतो हें खरें. लहानपणीं अंथरुणांत पडल्या पडल्या तो काठीचा आवाज ऐकून आम्ही किती निर्धास्त होत असूं! परंतु त्या आवाजानें चोरासहि पहारेकरी कोठें आहे हें बिनचूक कळतें. मामांच्या बुलेटनें वखारवाल्यांची जी सोय केली तीच ही. दोन्ही संप्रदायांत कोणता बरा, याचा निर्णय आम्हीं अद्यापि केलेला नाहीं. सौभाग्यवतींचें मत काठीच्या बाजूनें आहे.

या गाडीस इंग्रज लोक ‘नॉडी’ म्हणत. त्याची कथा अशी सांगतात कीं, वरिष्ठ अधिकारी दिसला असतां शिपायानें हात उचलून सलाम केला पाहिजे असा शिस्तीचा नियम; परंतु चालत्या दुचाकीवर हात सोडणें धोक्याचें. तेव्हां स्वारानें केवळ मान लववावी अशी सवलत देण्यांत आली. मान लवविण्यास इंग्रजींत ‘नॉड’ म्हणतात, म्हणून मान लवविणारा तो नॉडी. एनिड ब्लायटन या लेखिकेनें मुलांकरितां निर्माण केलेला, सदा मान डोलावणारा लांकडी बाहुला नॉडी हाहि १९४९ सालींच पुस्तकरूपानें अवतरला होता; तेव्हां नांव घरोघर ठाऊक होतें, तें गाडीस चिकटावयास वेळ लागला नाहीं. साम्राज्याच्या पोलिसांनीं खेळण्यांतल्या बाहुल्याचें नांव निमूटपणें सोसावें, यांत त्या खात्याचा कांहीं मोठेपणा आहे असें आम्हांस वाटतें. ज्या शिपायास मुलें हंसूं शकतात त्यास तीं वाटहि विचारूं शकतात.

या पोलिसांच्या मागणीवर एल. ई. जगली, आणि तिच्याबरोबर कारखानाहि कांहीं वर्षें तगला. परंतु सांच्यांत अडकलेली पुंजी पुरती सुटली नाहीं. मधल्या काळांत त्याच इंजिनाच्या आधारें ‘व्हॅलियंट’ नांवाची गाडी काढून पाहिली, १९६० च्या सुमारास ‘व्हाइसरॉय’ नांवाची एक स्कुटरहि काढिली; ती फार थोडी खपली. मूळच्या वेगाचा अभिमान मात्र घराण्यानें सोडला नाहीं. मार्च १९६१ मध्यें पॅरिसजवळील माँलेरी येथील वर्तुळाकार मार्गावर त्यांची पांचशे घनसेंटिमीटरची ‘व्हेनम’ गाडी चोवीस तास धांवत ठेविली गेली, आणि सरासरी ताशीं शंभर मैलांहून किंचित् अधिक पडली. स्वारांत तिसऱ्या पिढीचे बर्टी गुडमन स्वतः होते. मालकानें रात्रीच्या काळोखांत स्वतः गाडीवर बसून आपल्या मालाची परीक्षा द्यावी, असें उदाहरण विरळा.

एल. ई. ला अखेर पराभूत केलें तें दुसऱ्या मोटारसायकलीनें नव्हे. १९५९ सालीं ‘मिनी’ ही चिमुकली मोटार निघाली, आणि सामान्य मनुष्य दुचाकी सोडून चार चाकांकडे वळला. पाठोपाठ पोलिसहि वळले. १९६५ च्या सुमारास लँकेशरच्या पोलिसांनीं कर्बी नांवाच्या नव्या वसाहतींत छोट्या मोटारींतून गस्त घालण्याचा प्रयोग केला. निळ्या-पांढऱ्या रंगाच्या त्या मोटारींस लोक ‘पँडा’ म्हणूं लागले. त्याच काळांत अंगावर वागवितां येईल असा बिनतारी संच शिपायाच्या हातीं आला. मग एका शिपायानें मोटारींत बसून कितीतरी फेऱ्यांचा प्रदेश पाहावा, अशी नवी व्यवस्था सर्वत्र झाली. ती सोयीची होती, पाऊस लागत नव्हता, बोलावलें कीं शिपाई लवकर येई. पण तो कांचेआड गेला. फाटकापाशींचे दोन शब्द बंद पडले, आणि पोलिस आतां दिसतच नाहीं ही तक्रार इंग्लंडांतील वडीलधारी माणसें आजहि करितात. आम्हीं ती चिरंजीवांच्या शेजाऱ्यांकडून चहाच्या टेबलावर दोनदां ऐकिली.

पोलिसांची मागणी आटली, जपानी गाड्या आल्या, आणि फेब्रुवारी १९७१ मध्यें गुडमन कुटुंबानें हॉल ग्रीनचा कारखाना आपण होऊन बंद केला. शिपायांच्या गाड्या लिलावांत विकल्या गेल्या. कांहीं भंगारांत गेल्या, कांहीं ज्यांनीं वर्षानुवर्षें त्यांवरून गस्त घातली होती त्यांनींच विकत घेतल्या. ‘एल. ई. व्हेलो क्लब’ या नांवाचें मंडळ तिच्या चाहत्यांनीं चालविलें आहे. जुने भाग मिळवून देणें, दुरुस्तीची युक्ति सांगणें, वर्षांतून कांहीं वेळां एकत्र फिरावयास जाणें, हा त्यांचा उद्योग.

त्या रविवारीं सायंकाळीं पावसाची भुरभुर लागली, तेव्हां तो वृद्ध गृहस्थ खुर्ची घडी करून गाडीवर बसला. आमच्याकडे पाहून त्यानें मान लवविली, हात उचलला नाहीं. आम्हींहि तसेंच केलें. हिरवळीच्या फाटकांतून गाडी बाहेर पडली, आणि आम्ही मुद्दाम कान देऊन उभे होतों तरी ओल्या रस्त्यावरील चाकांच्या सूं सूं वांचून कांहीं ऐकूं आलें नाहीं.

भारतांत परतल्यावर आम्हीं मामांस टेलिफोन केला. आतां त्यांचें वय नव्वदीच्या घरांत आहे. ऐकूं कमी येतें, पण स्मृति शाबूत आहे. आम्हीं सर्व हकीकत मोठ्यानें सांगितली. पाण्याचें वेष्टन, दोन दट्टे, पन्नास पोलिसदलें, सर्व. मामांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला, “चढ चढते का रे ती?”

“चढते, मामा,” आम्ही म्हणालों, “पण फार हळू.”

“मग आमच्या ओढ्यापाशीं ढकलणें आलेंच कीं!” मामा म्हणाले, आणि मामींस हांक मारून त्यांनीं फोन त्यांच्याकडे दिला.